दातांची मोजणी

"टकुरं मापायचं न्हाई," बनुबाई म्हणाली आणि तिनं नातवाच्या डोक्याभोवतीची टेप हिसकून काढली. "जित्त्या माणसाला अशी दोरी लावत्यात व्हय? माप मेल्यावर घेत्याती."

डॉक्टर हेर्लेकर टेपेचं एक टोक हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. मिरजेच्या एका दवाखान्यातून ते आले होते. वयानं तरुण, मनानं भले, आणि समोरच्याला पटेपर्यंत समजावत बसायची वाईट खोड असलेले.

"आजी, डोक्याचा घेर मोजला की आत मेंदू किती वाढलाय त्याचा अंदाज येतो."

"मेंदू? बकऱ्याचा खात्याती त्यो?"

भोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसरं टोक मदिनाबी नर्सनं बनुबाईच्या मुठीतून अलगद सोडवून घेतलं.

"बनुआत्या, शिंपी घेतोय की न्हाई माप?"

"शिंपी कापडापायी घेतोय. आमच्या सिद्धूला टोपी कोण शिवणार हाय? ह्यो डाक्टर?"

"मी शिवते. द्या हिकडं पोर."

बनुबाईनं पोर दिलं. सून अंजना मागं उभी होती, तिनंही मान हलवली. डॉक्टरांना तासाभरात जमलं नव्हतं ते नर्सबाईच्या एका शब्दानं झालं. सिद्धूनं मात्र तेवढ्यात लोंबणारी टेप तोंडात घातली आणि करकचून चावली.

बोरखडी हे माणदेशाच्या कडेचं गाव. पलीकडं फलटणच्या बाजूला उतरलं की उसाचं हिरवंगार रान लागतं आणि इकडं नुसती कुसळं. गावापासून लांब माळावर ही वस्ती होती. बहात्तरचा दुष्काळ सरकारच्या दप्तरी केव्हाच संपला होता. वस्तीवर तो जायचं नाव घेत नव्हता, सोयरा येऊन चिकटावा तसा चिकटला होता. बायकांच्या अंगावर दूध नव्हतं आणि पोरांच्या अंगावर मांस नव्हतं. म्हणून मिरजेच्या दवाखान्यानं कुठल्याशा धर्मादाय पैशातून तिथं दुधाचं केंद्र काढलं होतं. ते मदिनाबी चालवायची.

मदिनाबी मूळची मिरजेची. बाप तंबोरे करायचा. तंबोऱ्याचा भोपळा विकत घेताना तो बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत म्हणायचा, "आत कीड हाय." बहुतेक वेळा कीड नसायचीच, पण विकणारा चुळबुळला की त्याला खरं काय ते कळायचं. हा गुण लेकीत जसाच्या तसा उतरला होता. दुधाचा हंडा उतरला की पहिला घोट ती स्वतः घेऊन बघे. औषधाच्या बाटलीचं बूच हुंगून बघे. "काळजी करू नका" असं कुणी म्हणालं की तिला खरी काळजी लागे. रहिमतपूरला दिली होती, नवरा लवकर वारला, सासरच्यांनी पायगुण काढला. त्यावर तिनं सुईणपणाचं शिक्षण घेतलं, नर्स झाली, बोरखडीच्या सरकारी उपकेंद्रावर लागली आणि पुन्हा म्हणून त्या घराची पायरी चढली नाही.

वस्तीवरच्या बायकांवर मात्र तिनं कधी संशय घेतला नाही, आणि त्यांनी तिच्यावर. हे कसं काय जमलं होतं ते कुणालाच सांगता आलं नसतं. वेणा देताना आपण आरडलो, शिव्या दिल्या, देवाचं नाव टाकलं, हे सगळं जिनं पाहिलंय तिच्यापासून लपवायला पुढं उरतं काय? वस्तीवरचं पाळण्यातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर झालेलं होतं. बाळंतपण अडलं की लोक आधी तिला बोलवायचे आणि मग देवाला.

ते शहात्तर साल होतं. आणीबाणी चालू होती आणि नसबंदीची शिबिरं भरत होती. तालुक्याहून जीप यायची. बाजारच्या दिवशी वस्तीवरचा गुंडा मिरच्या विकत बसलेला, त्याला मिरच्यांसकट उचलून नेला. शिबिरात कापलेली जखम चिघळली. मदिनाबी रोज त्याच्या घरी जाऊन पट्टी बदलायची. गुंडा विहिरी फोडणारा गडी, पहाटे पहार घेऊन निघायचा. तो आता भिंतीला टेकून बसायचा आणि बायकोशीही बोलायचा नाही. तेव्हापासून वस्तीवरचे गडी जीपचा आवाज आला की रानात पळायला लागले.

तालुक्याच्या साहेबांनी एक सूट ठेवली होती. ज्या घरात वर्षाच्या आतलं, अंगावर पिणारं पोर आहे, त्या घराला सध्या हात लावायचा नाही. हे मदिनाबीला कळलं त्या दिवशी ती गुंडाची पट्टी बदलून नुकती घरी आली होती. हाताचा वास साबणानंही जाईना. तिनं चहा केला, तो तसाच टाकून दिला, आणि ती वस्तीवर गेली.

मग वस्तीवरची पोरं लहान झाली. गेल्या पावसाळ्यातलं बेंदराचं पोर यंदाच्या शिमग्याचं झालं. नागपंचमीचं पोर संक्रांतीचं झालं. तिकडं इंग्रजी तारखांना विचारतो कोण. पोर कुठल्या सणाला जन्मलं एवढंच सगळ्यांना ठाऊक, आणि एक सण सोडून दुसरा धरणं काही अवघड नव्हतं. मदिनाबीनं घरोघरी जाऊन ते बायकांकडून पाठ करून घेतलं.

"अंजना, सिद्धू कवाचा?"

"बेंद... शिमग्याचा."

"पुन्हा सांग."

"शिमग्याचा, नर्सबाई. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीचा."

साहेब आले, त्यांनी पोरं बघितली आणि त्यांना जराही शंका आली नाही. सव्वा वर्षाचं पोर आठ महिन्यांचं म्हणून सहज खपून गेलं, कारण ते दिसतच होतं तेवढं. मदिनाबीला त्याचं जितकं हायसं वाटलं तितकंच रडूही आलं.

साहेब पोरांवर फसले, पण तिच्यावर उखडले. तिच्या नावावर शिबिराला माणसं येत नव्हती. "अशानं बाई तुमची बदली कोयनेच्या पल्याडच्या जंगलात होईल," असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. कोतवाल नाथाजी तिथंच उभा होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळलं. नर्सबाईनं माणसं दिली नाहीत तर ती जाणार, हे वस्तीला माहीत झालं. ती देत नाही, हेही वस्तीला माहीत होतं.

अशात हे डॉक्टर टेप घेऊन उगवले होते. मदिनाबीनं पहिल्या दिवशीच त्यांना मनातल्या मनात ठोकून पाहिलं. जीप तालुक्याच्या जीपसारखीच खाकी. जेवण साहेबांच्या घरी झालेलं. बोलणं गोड. पण कीड सापडत नव्हती, आणि त्यानं ती जास्तच अस्वस्थ झाली.

डोकी मोजून डॉक्टर गेले. दिवाळी झाली. थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी ते परत आले, ते थेट तिच्या उपकेंद्राच्या ओट्यावर. हातात कागदांची भेंडोळी, आणि चेहरा पेपर अवघड गेलेल्या पोरासारखा.

"बाई, माझी गोची झालीय," ते म्हणाले. "मी दोन गट घेतले होते. एक तुमच्या वस्तीवरची मुलं, दुसरा साखर कारखान्याच्या कॉलनीतली. तिकडची खाऊन पिऊन सुखी. वस्तीवरच्या मुलांची डोकी लहान भरणार, भुकेनं मेंदूची वाढ कशी मागं राहते ते मी दाखवून देणार, आणि त्यावर पुढच्या दोन वर्षांचं दूध मंजूर करून घेणार, असा माझा बेत होता."

"मग?"

"नुसती डोकी एकमेकांशी ताडून बघून उपयोग नसतो. मोठ्या मुलाचं डोकं मोठंच असणार. म्हणून सारख्या वयाचं सारख्या वयाशी ताडायचं. आठ महिन्यांचं आठ महिन्यांशी. तसं ताडलं, तर तुमची मुलं कॉलनीतल्या मुलांच्या तोडीस तोड! काही तर वरचढ."

मदिनाबीनं पदर सारखा केला. 

"चांगलंच झालं की," ती म्हणाली.

"चांगलं कसलं? वरचे म्हणतील, डोकी ठणठणीत आहेत तर दूध कुणाला पाजताय? उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढी पावडर आहे. पुढं केंद्र बंद."

 डॉक्टर कागद चाळत राहिले.

"आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, वयावर भरवसा नसेल तर उंची धरा. सारख्या उंचीची मुलं एकमेकांशी ताडा. तेही करून पाहिलं. त्यात तर फरक औषधालाही उरला नाही. उरेल कसा? भुकेनं डोकं खाल्लं तशी उंचीही खाल्लीय. चोरी कुणी केली ते ठरवायचं आणि साक्षीला उभं करायचं चोरालाच!" त्यांनी मान वर केली. "बाई, मुलांची वयं कुणी सांगितली?"

"आयांनी."

"आणि लिहिली?"

"मी. वस्तीवर लिवता मलाच येतंय."

"सिद्धू नावाचा एक पोरगा होता बघा. कागदावर आठ महिन्यांचा. त्यानं माझी टेप चावली. नंतर मी घरी जाऊन बघितलं, टेपेवर दाढेचे वण आहेत. आठ महिन्यांच्या पोराला दाढ, बाई?"

ओट्यासमोरच्या लिंबाखाली कोतवाल नाथाजी तंबाखू मळत बसला होता. मदिनाबीची नजर तिकडं गेली, आणि तिच्या नजरेमागून डॉक्टरांचीही. आता संपलं, असं तिला वाटलं. या माणसाला साहेबांनीच पाठवलाय. जेवण काय उगाच घातलं? पोरांची खरी वयं बाहेर पडली की एकेका घरासमोर जीप उभी राहणार. आणि दडवून ठेवली तर तीच पोरं उन्हाळ्यापासून उपाशी मरणार. तिनं आयांना वाचवायला जे केलं, ते त्यांच्या पोरांच्या तोंडातला घास काढत होतं. एवढी वर्षं जगावर संशय घेऊन काढली आणि आपल्या चांगुलपणाचा संशय घ्यायचा तेवढा राहिला, याचा तिला मनापासून संताप आला.

डॉक्टरांनी आवाज उतरवला.

"मला वय सांगू नका. मी विचारतही नाही. पण दुसरं काहीतरी धरायला हवं, जे भुकेनं फारसं हटत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही. दात. भुकेल्या पोरालाही दात येतात, थोडे उशिरा, पण येतात. आईला विचारून येत नाहीत. सारखे दात असलेली मुलं एकमेकांशी ताडायची. माझ्या कागदावर वयाचा रकानाच राहणार नाही. कॉलनीतल्या मुलांचाही काढून टाकतो."

"आनि त्यो कागद जाणार कुठं?"

"मिरजेला."

"तालुक्याला?"

"तालुक्याला दात कशाला हवेत?"

"शपथ घ्या."

"कुणाची?"

"ज्याला तुमी घाबरता त्याची."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि आईची शपथ घेतली. मदिनाबीनं त्यांच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. ते चुळबुळले नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. वय कुठं लिहिलं जाणार नाही, जीप येणार नाही, आणि दूधही चालू राहील. त्या आनंदात तिनं डॉक्टरांना चहा पाजला, बरोबर चकल्याही दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर, दूध वाटायच्या जागी, चिंचेखाली बायका पोरं घेऊन बसल्या. डॉक्टर कागद मांडीवर घेऊन खाटेवर टेकले. पाहुणा डॉक्टर आला की हजर राहायचं असा नाथाजीला वरून हुकूम होता, त्यामुळं तोही होता. मदिनाबीनं हात धुतले. पहिली अंजना पुढं आली. मदिनाबीनं सिद्धूची हनुवटी डाव्या हातात धरली, उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून फिरवलं आणि मोठ्यानं आकडा सांगितला.

बायकांनी आपापली पोरं पोटाशी ओढली.

मदिनाबी शहरात वाढलेली. तिच्या घरी लाकूड होतं, तारा होत्या, भोपळे होते. जनावर कधी नव्हतं. माणदेशातलं शेंबडं पोरगंही खरसुंडीच्या बाजारात बापाच्या खांद्यावर बसून जातं आणि तिथं पहिली गोष्ट शिकतं ती ही, की विकणारा बैलाचं वय सांगतो ते ऐकून घ्यायचं, आणि मग जबडा उघडून दात बघायचे. दोन दाती, चार दाती, सगळे दात आलेला म्हणजे जुळलेला. समोरच्यानं सांगितलेलं वय खोटं आहे असं तोंडानं म्हणायचं नसतं. जबडा उघडला की ते म्हटल्यासारखंच असतं. डॉक्टरांना जो उपाय सगळ्यात निरुपद्रवी वाटला होता, त्याचा वस्तीवर एकच अर्थ होता.

"बाजार भरलाय व्हय हितं?" बनुबाई उठून उभी राहिली.

"आत्या, दुधापायी हाय."

"दुधापायी? मग पोट बघा की. डोळं बघा. हाडं मोजा, ती तर वरच दिसत्याती. दात कशापायी?"

 मदिनाबीला म्हणायचं होतं, आत्या, वय लिहायचं नाही म्हणूनच दात. आपण सांगितलेली वयं खोटी, ती झाकायलाच दात. पण नाथाजीचे कान उभे होते. तो तंबाखू मळायचा थांबला होता.

"मिरजेच्या कागदात दात लागत्याती," एवढंच ती म्हणाली.

"वय काढत्याती, दुसरं काय," मागून कुणीतरी पुटपुटलं. "नर्सबाईची बदली हुणार हाय न्हवं."

एक बाई पोराला काखेला मारून उठली. दुसरी उठली. डॉक्टर उभे राहून समजावायला लागले, आणि त्यांनी समजावायला सुरुवात केल्यावर उरलेल्याही उठल्या. मदिनाबीनं कागदाकडं पाहिलं. त्यावर एका पोराचा आकडा होता. एवढ्यावर दूध मिळत नव्हतं. बायका आज घरी गेल्या तर पुन्हा येणार नव्हत्या. उन्हाळ्यात ही पोरं कशी दिसतील ते तिला इथूनच दिसत होतं.

"दात दावल्याबिगर आज कुणाला दूध न्हाई," ती म्हणाली.

आपला आवाज तालुक्याच्या साहेबांसारखा लागला, हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. दुधाच्या हंड्यावर तिनं झाकण ठेवलं आणि त्यावर हात.

बायका थांबल्या. पोरं हंड्याकडं बघत होती. मग एकेक जण परत फिरली, पोराला पुढं केलं आणि नर्सबाईकडं न बघता दुसरीकडं बघत उभी राहिली. पोरं रडली, एकानं तिचं बोट रक्त निघेपर्यंत चावलं. ती आकडे सांगत गेली, डॉक्टर लिहीत गेले. एवढ्या सगळ्यांत एकही आई तिच्याशी बोलली नाही.

संध्याकाळी ती बनुबाईच्या घरी गेली. नाथाजी आसपास नाही हे दोनदा बघून गेली. अंजनाचा नवरा आकाराम घोंगडी खांद्यावर टाकून रानात झोपायला निघाला होता. तिला बघताच तो मागच्या दारानं गेला. बनुबाई चुलीपुढं बसली होती. मदिनाबीनं तिला सगळं सांगितलं. घेर, कॉलनी, वय, उंची, दात. जसं डॉक्टरांनी सांगितलं तसं, आणि जमेल तितकं सोपं करून सांगितलं. बनुबाईनं मधे एकदाही अडवलं नाही.

"त्यो कागद मिरजेला जातोय आत्या. तालुक्याला न्हाई."

"कागदाला पाय असत्यात, बाई. कवा कुटं जाईल तुमी तरी काय सांगावं?"

"डाक्टरनं आईची आन घेतलीया."

"त्याची आई आमी कुटं बघितलीया?" बनुबाईनं लाकूड आत सारलं. "तुमी आमचं पोर ल्हान केलंसा, तवा आमी इचारलं न्हाई कशापायी. आता तुमीच त्येला चारचौघांत मोठं केलंसा. तवाबी इचारत न्हाई. पर दुधावर झाकाण ठिवलंसा, त्ये काय मला इसरता यायचं न्हाई बगा."

झाकण मदिनाबीनंच ठेवलं होतं. 

जीप आली नाही. डॉक्टरांनी शब्द पाळला. कागद मिरजेला गेला आणि दातांनी ताडल्यावर खरं काय ते बाहेर आलं: वस्तीवरच्या पोरांची डोकी कॉलनीतल्या पोरांपेक्षा खरोखरच लहान होती, प्रत्येक टप्प्यावर. डॉक्टर हेर्लेकर ही बातमी सांगायला मुद्दाम आले तेव्हा त्यांना आनंद लपवता येईना, आणि मग कशाचा आनंद झालाय ते लक्षात येऊन ते एकदम ओशाळले. दूध दोन वर्षांसाठी मंजूर झालं होतं.

"आणखी एक काम केलंय तुमचं," ते म्हणाले. "तुमच्या बदलीचं कानावर आलं होतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांकडून वर सांगायला लावलं, की ही बाई गेली तर केंद्र चालायचं नाही. बदली रद्द!"

मदिनाबीनं त्यांच्याकडं पाहिलं. या भल्या माणसाला काय सांगावं ते तिला कळेना. तिनं हात जोडले.

नाथाजीनं संध्याकाळपर्यंत ती बातमी गावाला सांगितली. दात मोजले आणि नर्सबाईची बदली थांबली. दोन आणि दोन चार करायला वस्तीला कागद लागत नव्हता. मग जीप का आली नाही, असं कुणी विचारलंच तर त्यालाही उत्तर तयार होतं: आमचे गडी रानात झोपले म्हणून. त्यातही खोट काढता आली नसती. मदिनाबी त्यांच्या जागी असती तर तिनं नेमकं हेच ताडलं असतं, याहून वेगळं काही कुणी सांगितलं असतं तर त्यालाच ठोकून पाहिलं असतं.

पुढं निवडणुका झाल्या. सरकार बदललं, शिबिरं बंद पडली, साहेबांचीच बदली झाली. त्याच खाकी जीपमधून गुळगुळीत चेहऱ्याचे नवे लोक फिरायला लागले. गडी घरात झोपायला लागले. वस्तीवर दूध रोज येत होतं. बायका भांडी घेऊन यायच्या, दूध घ्यायच्या, "येतो बाई" म्हणून जायच्या. कुणी तोंड वाकडं केलं नाही, कुणी भांडलं नाही. उलट आधी तिला बघून कुणी उठून उभं राहत नसे, आता उभ्या राहायच्या. सिद्धू चालायला लागला, त्याच्या गालांवर थोडं बाळसं आलं. ते बघून तिला बरं वाटायचं, आणि मग घरी आल्यावर एवढ्या मोठ्या दिवसाचं काय करायचं ते सुचायचं नाही. हाक मारायला कुणी येत नव्हतं.

मिरगाच्या आधी, उकाड्यानं जीव नकोसा झालेल्या एका दुपारी, तिला रस्त्यात गुंडाची बायको भेटली. गुंडाची बायको एकटीच अजून तिच्याशी पहिल्यासारखं बोलायची. अंजनाचे दिवस भरलेत आणि सकाळपासून कळा येतायत, असं ती सांगून गेली. मदिनाबीला धक्का बसला. अंजनाला दिवस गेलेत हे तिला पोट दिसायला लागल्यावर, दुधाच्या रांगेत कळलं होतं, पण अंजनानं ना महिना सांगितला होता ना तपासू दिलं होतं. सिद्धूच्या वेळी बाई फार अडली होती. वार पडायला उशीर झाला होता आणि रक्त थांबेना. मदिनाबी उपकेंद्रावर पळत गेली, पिशवी घेतली, आणि उन्हातून वस्तीवर आली.

दार लोटलेलं होतं. उंबऱ्यात बनुबाई बसली होती. मदिनाबीला बघून ती उठली नाही, पण तिनं बसायला पोतं पुढं सारलं. आतून शेजारच्या वाडीवरच्या सुइणीचा आवाज येत होता. ती म्हातारी मदिनाबीला ठाऊक होती. हात स्वच्छ होता तिचा, तेवढं एक बरं होतं.

"मी बघू का आत्या? सिद्धूच्या टायमाला..."

"बघत्यात की आत. तुमी बसा. उनाचं आलायसा."

बनुबाई आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. बरोबर वाटीत गुळाचा खडा होता. या घरात मदिनाबीनं आजवर पाणी स्वतः माठातून घेतलं होतं, चुलीजवळ बसून भाकरी खाल्ली होती. गुळाचा खडा पहिल्यांदाच पुढं आला. तो पाहुण्याला द्यायचा असतो. तिनं तो तोंडात टाकला.

"कळा कवापासनं हायत्या?"

"झाला थोडा येळ."

"पानी गेलंय का?"

"आवं, आजून कशाचं काय. लय येळ हाय. रात्र हुईल."

आणि तेवढ्यात दाराआडून पोर रडलं.

पहिलं रडणं होतं. असं रडणं आयुष्यात एवढ्या वेळा ऐकलेल्या बाईला ते ओळखू न येणं शक्यच नव्हतं. छाती भरून, ओलं, रागावलेलं. मग सुईण काहीतरी म्हणाली, अंजनाचं हुंदक्यासारखं हसणं ऐकू आलं, आणि पोर पुन्हा रडलं.

बनुबाई उंबऱ्यात बसून समोर माळाकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मदिनाबी कान देऊन ऐकत होती. पोराचा आवाज दमदार होता. थोड्या वेळानं "पडली, पडली, सगळी पडली" असं सुईण म्हणाली, म्हणजे वार नीट पडली होती. अंजनानं पाणी मागितलं. मागणाऱ्या आवाजात जीव होता.

मदिनाबीनं तांब्यातलं पाणी संपवलं, पिशवी उचलली.

"बरं हाय," ती उठत म्हणाली. "झालं की सांगून धाडा."

"धाडतो की," बनुबाई म्हणाली.